काढणार, तपासणार, सोडणार

गेल्या आठवड्यात आमच्या कार्यालयात जुन्या नकाशांचं स्कॅनिंग सुरू झालं. मशीनवर बसणारी प्रियंका एक नकाशा घेऊन माझ्या टेबलाशी आली. चोपड्याच्या वरच्या सातपुड्याचा, ट्रेसिंग कापडावर काढलेला. खालच्या कोपऱ्यात तीन ओळी होत्या. 'काढणार : निं. दा. सोनवणे.' 'तपासणार : व. ग. परब.' आणि त्याखाली वेगळ्या शाईत, थरथरत्या अक्षरात, 'सोडणार : निं. दा. सोनवणे.'

"मॅडम, काढणार समजलं, तपासणार समजलं. सोडणार हे काय पद आहे?"

"पद नाही," मी म्हटलं. "स्कॅन कर. पण ती ओळ कापली जाऊ देऊ नकोस."

मी यादी करून कामं करणारी बाई. झालेलं काम खोडते, राहिलेलं दुसऱ्या पानावर नेते. 'नानांबद्दल लिहिणे' ही ओळ वर्षभर पुढच्या पानावर जाते आहे. निंबा नाना, म्हणजे नकाशावरचे सोनवणे, जाऊन आता वर्ष होईल. आज ती ओळ खोडायची असं ठरवून बसले आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा नाना मुख्य आरेखक होते. त्यांची खोली व्हरांड्याच्या टोकाला, टेबल उत्तरेच्या खिडकीखाली, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. कार्यालयातल्या वस्तूंची जडसंग्रह नोंदवही माझ्याकडे असल्यामुळे त्यांच्या टेबलावर काय असतं ते मला पाठ होतं. भिंग एक. पितळी वजनं चार. निबा डबीत. दाढीचं पातं एक, चुकलेली शाई खरवडायला. मऊ फडकं एक. बस. चहा नाही. चहा व्हरांड्यात प्यायचा, मग नळावर हात धुवायचे, फडक्याला पुसायचे, दोन मिनिटं हवेत धरायचे आणि मग नकाशाला हात लावायचा. हा नियम साहेबांनाही होता.

रेघ ओढायला घेतली की नाना श्वास रोखत आणि डाव्या हाताचं पहिलं बोट वर करत. बोट वर आहे तोवर कुणी बोलायचं नाही. एकदा नवीन बदलून आलेले साहेब दारातूनच म्हणाले, "सोनवणे, ती चोपड्याची फाइल द्या." बोट वरच. साहेबांचा चेहरा लाल झाला. आम्ही सगळे आपापल्या कागदात तोंड खुपसून बसलो. रेघ ओढ्याची होती आणि ओढा वळणावळणाचा होता. शेवटी बोट खाली आलं. नाना उठून उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले, "नदीला मिळाला एकदाचा. बोला साहेब."

त्यांना उजवं-डावं नव्हतं. दिशा होत्या. पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घरी जेवायला बसलं तरी मला म्हणायचे, "सुनंदा, तुझ्या पश्चिमेची चटणी सरकव." काकू म्हणायच्या, "लग्नात अंतरपाट धरला तेव्हासुद्धा यांनी भटजीला विचारलं होतं, माझं तोंड नक्की पूर्वेलाच आहे ना? घास तेवढा न विचारता तोंडाकडे जातो, नशीब माझं."

नवीन आरेखक आला की पहिल्या दिवशी त्याला काही शिकवत नसत. समोर बसवून एकच वाक्य सांगत. "दिसतं ते काढा. कळतं ते काढू नका." तो गोंधळला की पुढचं सांगत. "हे मूळ नकाशे ज्यांनी केले ते लोक सातपुड्यात पायी हिंडले. हिवतापात कुडकुडत मोजणी केली. तुम्ही पंख्याखाली बसून नक्कल करणार. त्यांनी काढलं त्यात आपली अक्कल घालायची नाही."

हे वाक्य मी नानांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याची किंमत मला बरीच वर्षं कळली नव्हती.

परबांची गोष्ट आधी सांगायला हवी. परब कोकणातले, नानांच्याच वयाचे, आमच्याकडे तपासणीचं काम करायचे. तरुणपणी त्यांनी स्वतःही एक नकाशा काढला होता आणि मूळ नकाशावर माशीनं केलेला ठिपका विहीर समजून निळ्या शाईत उतरवला होता. पुढे वनखात्याचा एक नवा माणूस भर उन्हाळ्यात त्या विहिरीवर विसंबून वर गेला आणि अर्धा दिवस कोरड्या घशानं हिंडून परत आला. नानांनी दोन दिवसांची रजा टाकली, स्वतः डोंगर चढून आले आणि कार्यालयात सगळ्यांसमोर सांगितलं, "तिथं विहीर नाही. माशी आहे."

त्या दिवसापासून ते 'विहीरवाले परब' झाले. परब निवृत्त झाले त्या समारंभात नाना भाषणाला उठले आणि म्हणाले, "परबांना म्हातारपणी पाण्याची चिंता नाही. जिथं माशी बसेल तिथं विहीर." सगळे हसले. परबही हसले. मी पहिल्या रांगेत होते. त्यांचा हात गळ्यातल्या हारावर होता आणि त्यांनी एक शेवंतीचं फूल चुरगळून टाकलेलं मला दिसलं.

नानांचा हा भाग मला कधी आवडला नाही. पण त्यांच्या नकाशात कधी चूक निघाली नव्हती. ज्याची चूक निघत नाही त्याला कोण बोलणार?

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, जमनाबाई पावरा कार्यालयात आल्या. साठीच्या पुढच्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. त्या त्यांच्या पाड्याच्या वनहक्क समितीच्या अध्यक्ष होत्या. पाडा चोपड्याच्या वर, डोंगरात. पाड्याचा सामूहिक दावा अमान्य झाला होता. कारण कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. वडीलधाऱ्यांचे जबाब आहेत, पण दुसरा पुरावा नाही. जुन्या नकाशावर सदर ठिकाणी वस्ती आढळत नाही. अपिलाची सुनावणी येत्या सोमवारी होती. त्या दिवशी बुधवार होता.

मी नकाशा काढला. त्या जागी एक निळा ठिपका होता, झऱ्याचा. बाकी कोरं.

"सोमवारी परत नाही म्हणाले तर?" मी विचारलं.

"तर आम्ही अतिक्रमण," जमनाबाई म्हणाल्या. "बावीस घरं, झरा, वाघदेवाची जागा, बठ्ठं अतिक्रमण." मग त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यातल्या नावावर बोट ठेवलं. "हा कागद कोणी काढला? जिवंत शे का तो?"

"आहेत. इथंच, पिंप्राळ्यात."

"मग चाल. त्यालाच विचारते."

दुपारच्या सुटीत मी नकाशाची झेरॉक्स घेतली आणि त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. नाना ओट्यावर बसून पेन्सिलीला टोक करत होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी रोज तीन पेन्सिलींना टोक करायचे. हात थरथरायला लागला होता, टोक मात्र अजूनही सुईसारखं निघायचं. मी काम सांगितलं. नानांनी झेरॉक्स पाहिली, आपली सही पाहिली आणि परत दिली.

"बाई, जे होतं ते मी काढलं. नव्हतं ते नाही काढलं."

"माझी सासू तिथं जन्मली," जमनाबाई म्हणाल्या. "तिची आई तिथं मेली. तू कुठं होतास?"

नानांना एकेरी हाक मारणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. डोंगरात सगळ्यांनाच 'तू' म्हणतात हे मला माहीत होतं, तरी मी चटकन नानांकडे बघितलं.

"मी नकाशापाशी होतो," नाना म्हणाले.

"आणि तुझा नकाशा कुठं होता?"

नाना पात्याखाली पेन्सिल फिरवत राहिले. मग सरकारी आवाजात विचारलं, "पाड्याचं नाव काय?"

"पानीशेमळा."

पातं थांबलं.

"पुन्हा सांगा."

"पानीशेमळा. झऱ्यावर शेमळा शे ना, काटेवाला, लाल फुलाचा. तुम्ही सावर म्हणता. त्याच्यावरून. पानी, शेमळा."

"पुन्हा," नाना म्हणाले. या वेळी आवाज सरकारी नव्हता. जमनाबाईंनी तिसऱ्यांदा नाव सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं तुकडे करून. नानांनी पेन्सिल ओट्यावर ठेवली. टोक मोडलेलं होतं.

"सुनंदा, मूळ नकाशा धुळ्याला आहे. उद्या जायचं."

खानदेश एकच जिल्हा होता तेव्हाचं बरंच दफ्तर धुळ्याला राहिलं. नानांनी तरुणपणी तिथंच बसून या नकाशाची नक्कल केली होती. गुरुवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. एरवी नानांबरोबर प्रवास म्हणजे भूगोलाचा तास. एरंडोल आलं की पद्मालयाच्या दिशेला हात जोडायचे आणि मंदिर रस्त्यापासून कोणत्या कोनात आहे तेही सांगायचे. त्या दिवशी एरंडोल आलं आणि गेलं. त्यांचे हात मांडीवर होते. पारोळ्याला मी त्यांना केळं दिलं. ते त्यांनी धुळ्यापर्यंत तसंच हातात धरलं.

अभिलेख कक्षात जाण्याआधी ते नळावर गेले. हात धुतले, पुसले, हवेत धरले. दोन मिनिटं नाही, पाच मिनिटं. मला वाटतं त्यांना आत जायचं नव्हतं.

मूळ नकाशा कापडावर चिकटवलेला होता आणि कित्येक वर्षं घडी करून ठेवल्यामुळे घड्यांवर कागद झिजून खालचं कापड दिसत होतं. मी नकाशा उलगडला, वजनं ठेवली. नानांनी भिंग काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"तू वाच. मी वाचणार नाही. मला कळतं."

मी जागा शोधली. इंग्रजी अक्षरं मुंगीएवढी.

"पा. नि. शे. पुढे घडी आहे, नाना. अक्षर गेलंय."

"घडीच्या पूर्वेला?"

"एल. आणि ए."

"त्याचं मी काय केलं, बघ."

मी आमची झेरॉक्स शेजारी धरली. तिथून ओढा जात होता आणि नानांनी ते 'ला' ओढ्याच्या नावाला जोडून टाकलं होतं. नाल्यातला 'ला'.

"घडीवर काही ठिपके?"

"दोन काळे. अर्धे झिजलेत. चौकोनी वाटतात."

"घरं," नाना म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

कक्षातला कर्मचारी येऊन विचारून गेला, झालं का. मी हातानंच थांबा म्हटलं. मग नाना बोलले ते माझ्याकडे न बघता, नकाशाकडे बघून.

"मला वाटलं, मोजणीवाल्या साहेबाबरोबरचा खलाशी, साखळी धरणारा, आपल्या खानदेशातला. साहेबानं विचारलं असेल, इथं काय आहे? तो म्हणाला असेल, पानी शे. साहेबाला वाटलं गावाचं नाव, त्यानं लिहून घेतलं. मी हसलो होतो, सुनंदा. याच खोलीत एकटाच हसलो. म्हटलं, गोऱ्या साहेबाला कळलं नाही, मला कळलं. माझ्या आईची भाषा ती. गावाचं नाव सोडलं आणि झऱ्याचा निळा ठिपका दिला. घडीवरचे काळे ठिपके दिसले, पण तेव्हा परबांचं प्रकरण ताजं होतं. म्हटलं, घाण असेल." ते थांबले. "परबांची माशी विहीर झाली. माझं गाव माशी झालं."

दुसऱ्या कुणीही, अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे' हे माहीत नसलेल्या कुणीही, ती अक्षरं निमूट उतरवली असती. पुण्याच्या माणसानं उतरवली असती. मद्रासच्या माणसानं उतरवली असती. फक्त खानदेशातला माणूसच इथं चुकू शकत होता.

मी व्यवहारी बाई आहे. परतीच्या एसटीत मी यादी केली. एक, धुळ्याहून घेतलेली मूळ नकाशाची प्रमाणित नक्कल जोडायची. दोन, त्या भागाचा मोठा फोटो. तीन, नानांचं नाव कुठेही घ्यायची गरज नाही.

नानांनी वही बघितली. "तीन चूक आहे."

"नाना, नकाशा बोलेल ना."

"नकाशा काय बोलेल? पानी शे, एवढंच बोलेल. घडीत अक्षर गेलंय. ते म्हणतील, सोनवण्यांसारख्या माणसानं ते पाणी म्हणूनच वाचलं. आता माझीच नक्कल त्या बाईच्या विरुद्ध साक्ष देते. ती खोटी आहे हे मलाच सांगावं लागेल." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आणि मला एकट्याला कोण खरं मानेल? म्हातारा आहे, बाईची दया आली, म्हणतील. परबांकडे जायला हवं."

शनिवारी आम्ही भुसावळला गेलो. परबांचा मुलगा रेल्वेत आहे, रेल्वे कॉलनीत राहतो. परब व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. नानांना बघून उठले नाहीत.

"या. कुठली विहीर सापडली?"

नाना उभेच राहिले. "परब, चोपड्याच्या वरचा नकाशा तपासताना तुम्ही समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं होतं. आठवतं?"

"तुम्ही रबरानं पुसलंत ते."

"हो."

"मी विचारलं होतं, हे पानिशे मूळ नकाशात आहे, तुमच्यात का नाही? तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, परब, इतकी वर्षं खानदेशचं पाणी पिता आणि अजून 'शे' कळत नाही?"

"हो. म्हणालो." नानांचा हात दाराच्या चौकटीवर होता. "मग तुम्ही सही का केलीत?"

परब हसले. मी त्यांना निवृत्तीच्या दिवशी हसताना पाहिलं होतं, अगदी तसे. "मी विहीरवाला. माझं कोण ऐकणार होतं?"

मालगाडी गेली. ती संपेपर्यंत कुणाला बोलता आलं नाही, आणि मला वाटतं त्या दोघांना ते बरंच वाटलं.

"सोमवारी समितीपुढे एवढंच सांगायला याल?" नाना म्हणाले. "दोष माझा. प्रश्नचिन्ह तुमचं होतं, एवढंच."

"माझी सही आहे त्यावर. मलाही धुतील."

"धुतील," नाना म्हणाले.

"बघतो," परब म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. चहा आला नाही. आम्ही मागितला नाही.

सोमवारी सकाळी अकराची वेळ होती. जमनाबाई पाड्यातल्या चार माणसांना घेऊन पहाटेच निघाल्या होत्या. नाना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, खिशात तीन पेन्सिली. अकरा वाजले. परब नाहीत. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. आमचं नाव पुकारलं तेव्हा मी दार धरून उभी राहिले, नाना आत गेले.

वनखात्याच्या बाजूनं बोलणारे अधिकारी सभ्य होते आणि कागदानुसार बोलत होते. त्यांनी मूळ नकाशाची नक्कल पाहिली आणि नाना म्हणाले होते तेच म्हणाले. "सर, इथं पाण्याची नोंद दिसते. वस्तीचं पूर्ण नाव नाही. सोनवणे साहेबांनी स्वतः त्या काळी ते पाणी म्हणूनच वाचलं. त्यांच्या कामाबद्दल आम्हाला सगळ्यांना आदर आहे."

आदर हा शब्द नानांना लागला. मी त्यांच्या मानेकडे बघत होते.

"साहेब, मी तेव्हा दिसलं ते काढलं नाही," नाना म्हणाले. "मला जे कळलं ते काढलं." आणि त्यांनी खलाशाचं, घडीचं, नाल्यातल्या 'ला'चं सगळं सांगितलं. भिंग पुढे सरकवलं. अध्यक्षसाहेब तरुण होते, खानदेशाबाहेरचे. त्यांनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे या नकाशावर विसंबून इतकी वर्षं जी कामं झाली ती..."

"होय साहेब."

"असे किती नकाशे तुम्ही काढलेत?"

"एकतीस."

"त्यांतही असं असू शकेल?"

खोलीत आमच्या कार्यालयातले दोघे होते. दोघांनाही नानांनीच शिकवलं होतं. दोघं खाली बघत होते. मला वाटलं नाना आता म्हणतील, नाही साहेब, ही एकच. ते म्हणू शकले असते. तोवर तरी ते खरंही होतं.

कार्यालयात सदतीस वर्षं त्यांनी शुद्ध भाषा सोडली नव्हती. ती त्या क्षणी सुटली.

"चूक मन्ही शे, साहेब. बठ्ठे तपासा. मी येस तपासाले."

अध्यक्षांनी इकडे तिकडे पाहिलं. "शे म्हणजे?"

"शे म्हणजे आहे, साहेब," माझ्या मागून आवाज आला. काठी टेकत परब दारात उभे होते, घामाघूम. पॅसेंजर उशिरा आली होती. "मी परब. तपासणार मी होतो. मला तेव्हा शे येत नव्हतं, म्हणून मला तिथं गावाचं नाव दिसलं होतं. मी प्रश्नचिन्ह केलं होतं आणि नंतर गप्प बसून सही केली. तेही लिहून घ्या."

नानांनी वळून पाहिलं नाही. पण शेजारची खुर्ची हातानं मागे ओढून धरली.

निर्णय यायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत नाना रोज सकाळी मला फोन करायचे आणि "काही?" एवढाच एक शब्द विचारायचे. मी "नाही" म्हणायचे. मधेच पाड्याजवळ वनखात्याच्या चर खोदण्याच्या आखणीचे चुन्याचे पट्टे पडल्याचं जमनाबाईंनी कळवलं, ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. मग एका शुक्रवारी कागद आला. दावा मान्य. मी फोन केला. नाना म्हणाले, "वाचून दाखव. सगळा. तुला कळलं ते नको."

नकाशावर दुरुस्ती करायची होती. नवीन मुलांनी म्हटलं, संगणकावर करू. नाना म्हणाले, मी करतो. थरथरत्या हातानं, श्वास रोखून, त्यांनी घडीतलं हरवलेलं अक्षर भरून नाव पुरं केलं आणि दोन काळे चौकोन काढले. मग कोपऱ्यात तिसरी ओळ लिहायला घेतली, 'सोडणार'.

"नाना, असा रकाना नसतो."

"नसेल तर आख."

मी आखला.

त्यानंतर दर गुरुवारी नाना आणि परब धुळ्याला जायचे. एकतीस नकाशे, मूळ प्रतीशी एकेक रेघ ताडून. परब वाचायचे, नाना बोट ठेवायचे. 'विहीरवाले' हा शब्द नानांच्या तोंडून पुन्हा आला नाही, 'परबसाहेब' आलं. परब मात्र सूड घ्यायचे. एखादा ठिपका आला की म्हणायचे, "नाना, बघा बरं, गाव आहे की माशी?" आणि नाना भिंग घेऊन खरोखर बघायचे. दोन चुका आणखी निघाल्या. एक पाऊलवाट आणि एका टेकडीचं नाव. दोन्हींखाली तिसरी ओळ आली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पाड्यावर. दिवाळीनंतर हद्दीची मोजणी होती आणि जमनाबाईंचा निरोप होता, कागदवाल्या नानाला घेऊन या. जीप अर्ध्यापर्यंत गेली. पुढचा चढ नानांनी दर पन्नास पावलांवर थांबत चढला. मला वाटलं यांना आणून मी चूक केली. ओठ पांढरे पडले होते. वर पोचल्यावर ते पहिल्या घराच्या ओट्यावर बसले आणि जमनाबाईंना म्हणाले, "पानी शे का, माय?"

जमनाबाई तांब्या घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी लगेच दिला नाही. कमरेवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शे ना. पानी बी शे, गाव बी शे."

पाड्यातली सगळी माणसं हसली. नानाही हसले, आणि तांब्या दोन्ही हातांनी घेऊन पूर्ण प्यायले.

दुपारी मोजणी संपली. नाना दिसेनात. ते झऱ्याच्या वर सावरीपाशी उभे होते. जुनं झाड, बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा. नानांनी भिंग काढलं होतं आणि त्या काटेरी सालीकडे ते बघत होते, वरून खाली, सावकाश, नकाशा तपासावा तसं. जीपवाला हॉर्न वाजवत होता. उजेड असेतो उतरायला हवं होतं, माझ्या यादीत चारची वेळ होती आणि साडेचार झाले होते.

"नाना, चला, निघायचंय," मी हाक मारली.

त्यांनी वळून पाहिलं नाही. डाव्या हाताचं पहिलं बोट वर केलं.

मी जीपवाल्याला हॉर्न बंद करायला सांगितलं.